गोखरूची राखण

उमरेड
२६ जून १९७७

आई,

सप्रेम जयभीम. मी सुखरूप पोचले. एस.टी.त शेजारच्या बाईनं माझं पोट पाहून खिडकीची जागा दिली आणि उमरेड येईस्तोवर मुलगा होणार की मुलगी ह्यावर भाषणही दिलं. मी उतरल्या उतरल्या माझ्या मायनं पाट मांडला. आता बाळंतपण होईपर्यंत ही मला जागेवरून उठू देणार नाही, हे दिसतंच आहे.

माझं लक्ष मात्र इंदोऱ्यात, आपल्या मागच्या अंगणात आहे. निघताना घाईत सगळं सांगता आलं नाही म्हणून पुन्हा लिहिते. रागावू नका.

टोपल्यांखालच्या आठ कुंड्या दुपारचा चहा झाला की झाकायच्या आणि सकाळी नळ आला की उघडायच्या. मधल्या वेळात टोपली उचलायची नाही. दिवसा मात्र त्यांना भरपूर ऊन मिळू द्यायचं. बाजूच्या चार कुंड्या कधीच झाकायच्या नाहीत. तेलाच्या डब्यांतली रोपं राखीव आहेत, त्यांना नुसतं पाणी घाला.

तुम्ही मला विचारलं होतं, "एवढा खटाटोप कशाले वं, चारू?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता सांगते. झाडाचं पान दिवसा उजेडात स्वतःचं अन्न तयार करतं आणि त्यावर झाड वाढतं. पण फुलायचं कधी, हे नुसतं पोट भरण्यावर ठरत नाही. काही झाडं रात्र किती लांब आहे ते पाहून फुलतात. गोखरू त्यांतलंच. सध्या दिवस मोठे, रात्री लहान, म्हणून ते नुसती पानं काढत बसलंय. पावसाळा सरताना रात्र लांबेल तेव्हा ते आपणहून फुलेल. मला टोपली घालून ती लांब रात्र आत्ताच करायची आहे आणि त्याला आधी फुलवून दाखवायचं आहे.

कॉलेजातले सर म्हणाले आहेत, जुलै संपेपर्यंत फुलं दिसली नाहीत तर विषय बदला. म्हणजे पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. आणि पुढच्या वर्षी माझ्या कडेवर मूल असेल. मग माझं एम.एस्सी. राहूनच जाईल, आई. मला ते आत्ताच दिसतंय आणि भीती वाटते. ह्यांना ऑफिसातून यायला उशीर होतो, त्यांच्या भरवशावर हे होणार नाही. सगळं तुमच्यावर सोपवून आले आहे.

तुमची,
चारू

---

इंदोरा, नागपूर
३ जुलै

चारू,

जयभीम. तुहं पत्र पोचलं. ताराचंद ऑफिसातून आला तं म्हणे मी वाचून दाखवतो. मी म्हटलं, दीक्षा घेतल्यावर दोन वर्षं रात्रीच्या वर्गात पाटी घासली, ते काय उगाच? मीच वाचलं. अक्षर मोठं काढत जाय, डोळे दुखले माह्ये.

कुंड्या बऱ्या आहेत. पण वस्तीत माही इज्जत राहिली नाही. शेजारची कांताबाई भिंतीवरून डोकावते आन् म्हणते, "काहून वं अंजनाबाई, गोखरूले कुंडीत लावलं? आमच्या वावरात ये, बंडीभर देते." आता मी तिले काय सांगू? जे काटे जिंदगीभर लुगड्यातून वेचून फेकले, त्यायलेच मी तांब्यानं पाणी पाजून राहिली! आन् वरून टोपल्या. म्हणते, झाडं कोंबड्यावानी झाकणारी बाई पहिल्यांदा पाहिली. मी म्हटलं, माही सून कॉलेजात शिकून राहिली, तुही सून काय करून राहिली? मंग तिनं भिंतीमागं डोकं घेतलं.

टोपल्याच्या आतून तू छत्रीचं काळं कापड शिवलं होतं ना, ते एका जागी उसवलं होतं. मी नीट टाके घातले.

एक गोष्ट मले पटत नाही. पान उजेडात जेवते म्हणते, तं दिवस असताना त्याले उपाशी झाकून ठेवायचं, हे काही बरं नाही. लहान जीव आहेत ते. पण तू शिकलेली, तू म्हणते तं झाकते. फिकर करू नको. एकेकाची नीट खबर ठेवून आहे मी.

पायावर सूज असन तं बसून राहू नको, घरातल्या घरात चालजो. तुह्या मायले, बायजाबाईले, माहा जयभीम.

तुही सासू,
अंजना

---

उमरेड
११ जुलै

आई,

पत्र वाचून इतकी हसले की माय स्वयंपाकघरातून धावत आली. कांताबाईंना म्हणावं, तुमचं बंडीभर गोखरू मलाच लागणार आहे, राखून ठेवा.

कळी दिसली का? गोखरूचं फूल म्हणजे गुलाब नव्हे, बरं. शेंड्यापाशी, पानांच्या बगलेत हिरवट मणी दिसतील. ते पाहायला रोज सकाळी, टोपली काढल्यावर, शेंड्याकडे नीट बघा. आता दिसायला हवेत.

आणि एक विचारायचं राहिलं. अंगणात रात्री कुठला उजेड तर येत नाही ना? कांताबाईंच्या ओसरीवरचा दिवा? टोपलीला कुठं भोक? रात्री मधेच उजेड पडला तर झाडाची लांब रात्र मोडते. मग त्याच्या लेखी त्या दोन लहान रात्री होतात आणि ते फुलत नाही. तेवढं पाहून कळवा.

मला आता झोपताना कूस बदलायलाही दोन माणसं लागतात.

तुमची,
चारू

---

इंदोरा
१७ जुलै

चारू,

मणी नाही, फूल नाही, काही नाही. मी सकाळी चष्मा लावून पाहिलं. पानं मात्र अशी हिरवीगार, की माह्याच्यानं वाईट बोलवत नाही त्यायले.

उजेडाचं विचारते तं सांगते. कांताबाई जेवणं झाली की दिवा मालवते, विजेच्या बाबतीत भल्ली चिकट बाई आहे. आपल्या अंगणात बल्ब नाहीच. टोपल्या मी उन्हात धरून पाहिल्या, भोक कुठंच नाही. तवा त्या बाजूनं तू बेफिकीर राहजो.

खत घालू का थोडं? नाही म्हणशील, माहीत आहे.

बायजाबाईची तार आली की मी निघतेच. त्या चार-सहा दिवसांत कुंड्या कांताबाई पाहीन. तिले सगळं समजावून ठेवलं. हसली, पण हो म्हणाली.

तुही,
अंजना

---

उमरेड
३१ जुलै

आई,

तुम्ही परत गेल्यापासून घर सुनं वाटतं. आपल्या पोरीच्या, उत्तराच्या कपाळावर तुमचा हात असायचा तेव्हा ती लगेच झोपायची, आता मायची गाणी पुरत नाहीत. अजून डोळे पुरते उघडत नाही, पण मूठ मात्र अशी आवळते की बोट सोडवून घ्यावं लागतं.

मायनं खोलीला पडदे लावलेत. सव्वा महिना बाहेरचा वारा नाही, बाहेरचा उजेड नाही. मी आणि उत्तरा दोघी टोपलीखाली आहोत म्हणा ना!

आज जुलै संपला. इथं होता तेव्हा तुम्ही सांगितलंत, एकाही कुंडीत कळी नाही. काल हे येऊन गेले. मी विषय काढला तर म्हणाले, "बी.एस्सी. झालंच आहे तुझं, चारू. आपल्या दोन्ही घरांत एवढं कोणी शिकलं नाही. आता जिवाला त्रास किती करून घेशील?" वाईट मनानं नाही बोलले, पोरीला मांडीवर घेऊनच बोलले. झाडं फुलली असती तर त्यांना तीच दाखवली असती.

मी चूक कुठं केली ते कळत नाही. कदाचित आपल्याकडचं गोखरू पुस्तकातल्यासारखं वागतच नसेल. किंवा मलाच काही जमत नसेल. काल रात्री पोर झोपली होती तरी मी रडत होते. मायला वाटलं, अंग दुखतं.

तेव्हा आई, आता ती झाडं उपटून टाका. टोपल्या कांताबाईंना कोंबड्यांसाठी देऊन टाका. आणि ह्यांच्याकडून सरांना निरोप पाठवा की चारुशीला पुढं करणार नाही. तुम्ही महिनाभर जे केलंत ते मी विसरणार नाही.

तुमची,
चारू

---

इंदोरा
१० ऑगस्ट

चारू,

उपटून टाका म्हणे! महिनाभर पाणी पाजलेलं झाड तुह्या एका चिठ्ठीवर उपटाले मी काय बयाडी आहे? उपटलं नाही. सराले निरोप बी दिला नाही. ताराचंद म्हणे, "मी जाऊन सांगतो, आई." मी म्हटलं, बाळंतिणीच्या बोलण्यावर कोणी धावत जाते का रे? चूप बस.

आता बस, आन् वाच.

आली! टोपलीखालच्या आठच्या आठ कुंड्यायले कळ्या आल्या! परवा सकाळी टोपली काढली तं शेंड्यापाशी हिरवे मणी. मले वाटलं कीड लागली. दुसरी पाहिली, तिले बी. तिसरी पाहिली. मंग मी कांताबाईले हाक मारली, ती भिंतीवरून चढूनच आली. उघड्या चार कुंड्यायले काहीच नाही, तेलाच्या डब्यायले नाही. नुसत्या झाकलेल्यायले. ताराचंद ऑफिसले जाता जाता थांबला, वाकून पाहिलं आन् म्हणाला, "म्हणजे चारूचं बरोबर होतं?" मी म्हटलं, तुह्या बापाची शपथ, बरोबर होतं.

मी तुले खरं सांगू? हा आपल्या उत्तराचा पायगुण आहे. पोट्टी जन्माले आली आन् पंधरा-सतरा दिवसांत झाडं फुलली. आपण धम्म घेतला, असं काही मानू नये, ते मले बी समजते. पण मंग सांग, महिनाभर का नाही फुलली? मी तं तेव्हा बी झाकत होती, आता बी झाकून राहिली.

तुही,
अंजना

---

उमरेड
१३ ऑगस्ट

आई, आई, आई!

पत्र हातात घेऊन पडदे ओढून खोलीबाहेर आले. माय ओरडतेय, ओरडू दे.

पायगुणाचं उत्तराला मोठी झाल्यावर सांगू, तिला आवडेल. पण सर मला विचारतील, मधे काय बदललं? त्यांना पायगुण सांगून चालणार नाही. आधी महिनाभर काही नाही, आणि मग आठही कुंड्या एकदम! गोखरूला एकदा लांब रात्र मिळाली की दोन आठवड्यांत कळी दिसते. दोन आठवडे मागं मोजलं की आपण उत्तराच्या जन्माच्या दिवसांवरच येतो. तेव्हा तुम्ही इथं होता आणि कुंड्या कांताबाईंकडे होत्या.

म्हणून विचारते, कांताबाईंनी तुमच्यापेक्षा वेगळं काय केलं? वेळ बदलली? जागा हलवली? पाणी कमी घातलं? त्यांना खोदून विचारा. हे कळलं तर सगळं वाचेल. नाही कळलं तर सर म्हणतील, योगायोग.

उत्तर लगेच पाठवा.

चारू

---

इंदोरा
१९ ऑगस्ट

चारू,

तुहं पत्र वाचून मले राग आला. महिनाभर राबली मी, आन् फुलवली कांताबाईनं? ती बाई आता वस्तीत सांगत फिरून राहिली की शिकलेल्या सुनेचं झाड माह्या हातानं फुललं. तुह्यामुळं तिले विचाराले जावं लागलं. म्हणते, "मी काय केलं? काहीच नाही केलं. दुपारचा च्या झाला की झाकलं, सकाळी काढलं. मधे कोण पाहाले जाते?"

हे ऐकलं आन् मी तिथंच खाटेवर बसली.

चारू, मी मधे पाहाले जात होती.

तू म्हटलं होतं टोपली उचलू नको. मी पूर्ण उचलत नव्हती. एका बाजूनं वर करत होती आन् बॅटरी मारून पाहत होती. रोज, झोपायच्या आधी, एकेकीले. मले वाटलं हे काही उचलणं नाही. तू उजेडाचं विचारलं तं मी कांताबाईच्या दिव्याचं सांगितलं, बॅटरीचं माह्या डोक्यातच आलं नाही. तो उजेड आहे असं मले वाटलंच नाही, पोरी. ते तं पाहणं होतं.

तुले सांगते कसं ते. मिलमध्ये मी दुसऱ्या पाळीले होती. घरून निघे तं ताराचंद आन् त्याचा भाऊ शाळेत, घरी येत होती तं दोघंबी झोपलेले. दिवसा माही लेकरं मले दिसतच नव्हती. मंग मी रॉकेलची चिमणी घेऊन जावो, गोधडी जराशी बाजूले करो आन् तोंडं पाहो. सुखानं झोपले का, ताप तं नाही, जेवले का. तेवढं पाहिल्याशिवाय मले घास उतरत नव्हता. मिल सुटली, पोरं मोठी झाली, तरी घरात काही झाकलेलं असलं की मले पाहिल्याशिवाय झोप येत नाही. तुह्या कुंड्यायचं बी तसंच झालं. दिवस असतानाच अंधारात कोंडलेले जीव, मले वाटे निदान कोणी त्यायची तोंडं तं पाहावी.

आता सांग, मी तुहं एम.एस्सी. बुडवलं का? खरं लिहिजो. गोड बोलू नको. मले दोन दिवसांपासून जेवण जाऊन नाही राहिलं.

अंजना

---

उमरेड
२३ ऑगस्ट

आई,

आधी जेवा. मग पुढचं वाचा.

तुम्ही बुडवलं नाही. तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंय. मी पत्र वाचलं आणि उत्तराला उचलून खोलीभर नाचले. मला नुसतं एवढंच दाखवायचं होतं की लांब रात्र मिळाली की आपलं गोखरू लवकर फुलतं. आता त्याहून मोठी गोष्ट हाती आलीय. तेवढीच लांब रात्र, पण मधे क्षणभर उजेड पडला तर फुलत नाही. पुस्तकात हे दुसऱ्या देशांतल्या गोखरूबद्दल वाचलं होतं, तिथं मोठे दिवे, घड्याळं, वेगळ्या खोल्या. आपल्याकडच्या गोखरूनं ते एका बॅटरीत दाखवलं! तुम्ही इथं असताना बॅटरी बंद होती, तेवढ्या चार रात्रींत झाडांनी ठरवून टाकलं. परत गेल्यावर पुन्हा पाहिलंत तरी काही फरक पडला नाही, एकदा ठरलं की गोखरू मागं फिरत नाही.

मला स्वतःचा राग येतोय. मी तुम्हाला "उचलू नका" म्हणून सांगितलं, का उचलू नका ते पहिल्याच पत्रात सांगितलं नाही. जे सांगितलं ते अर्धंच. सासूला दटावायचं कसं, ह्या विचारात राहिले.

आता माझं एक काम करा, आणि हे कठीण आहे. उघड्या चार कुंड्या आणि तेलाच्या डब्यांतली रोपं अजून फुललेली नाहीत. ती सगळीच टोपल्यांखाली घ्या. त्यांतल्या अर्ध्या रोज झोपायच्या आधी पाहा, अगदी पूर्वीसारख्या. उरलेल्या अर्ध्या पाहायच्या नाहीत. काही झालं तरी नाही. खडूनं खूण करून ठेवा.

सरांना हे सांगायला हवं. हे ऑफिसातून सुटून जातील का, विचाराल?

तुमची,
चारू

---

इंदोरा
३० ऑगस्ट

चारू,

ताराचंदले कशाले विचारू? मीच गेली.

फुललेल्या दोन कुंड्या घेतल्या आन् सायकल रिक्षा केली. एक कुंडी मांडीवर, एक पायात. ताराचंद म्हणे, आई, कॉलेजात असं जात नसतात. मी म्हटलं, मंग कसं जातात ते दाखवाले चल. तं आला बिचारा, रिक्षाच्या मागं सायकलवर. रस्त्यानं एकानं विचारलं, "मावशी, कोणतं फूल आहे?" मी सांगितलं गोखरू. तो माह्याकडं पाहतच राहिला.

सरायनं मले खुर्ची दिली. पाणी आणवलं. मी सगळं सांगितलं, बॅटरीचं बी, काही लपवलं नाही. सरायनं भिंग लावून कळ्या पाहिल्या, मंग ताराचंदले भिंग दिलं. त्यानं किती वेळ पाहिलं, मान वरच करेना! सर मले म्हणाले, "बाई, तुम्ही किती वेळ उजेड पाडत होता एकेका झाडावर?" मी म्हटलं, साहेब, घड्याळ कोण लावते, तोंड पाहाले लागते तेवढा. ते हसले. म्हणाले, पुन्हा तसंच निघालं तं विषय बदलाची गरज नाही, वेळ वाढवून देतो.

घरी येताना ताराचंद सायकल हातात धरून रिक्षासंगं चालत होता. मले म्हणाला, "मी तिले पुरे म्हटलं होतं, आई." त्याचं त्यालेच समजू दिलं.

ज्या पाहाच्या नाहीत त्यायच्यावर खडूनं फुली मारली. पहिल्या रात्री मी चारदा उठली. एकदा तं टोपलीले हात लावून परत आली. मंग ताराचंदनं बॅटरीतले सेल काढून उशाखाली ठेवले, जेवढे पाहाचे तेवढ्यापुरते मले देते आन् परत घेते. माह्या पोटच्या पोरानं मले असं केलं!

अंजना

---

इंदोरा
२ ऑक्टोबर

चारू,

फुलीवाल्या सगळ्या फुलल्या. पाहिलेल्या एकबी नाही.

आता तं बाहेर नाल्याच्या काठानं, रुळाच्या बाजूनं, जिथं पाहावं तिथं गोखरू फुललेलं आहे, रात्र लांबली ना. साऱ्या नागपुरातलं फुललं, आन् माह्या अंगणातलं, मी रोज पाहते तेवढंच, अजून पानं काढत बसलं आहे. सर आपल्या घरी येऊन पाहून गेले. कांताबाईनं च्या केला. म्हणाले, चारुशीलाबाईंना म्हणावं, लिहायला बसा.

सव्वा महिना कवाच झाला. बायजाबाईले सांगजो, लेक-नात महिना दीड महिना आणखी ठेवली असती तं मले चाललं असतं, पण कॉलेज थांबत नाही. ताराचंद रविवारी घ्याले येऊन राहिला. त्यानं खिडकीपाशी टेबल लावून ठेवलं, स्वतःहून. मी काही सांगितलं नव्हतं.

ये आता.

अंजना

---

इंदोरा, नागपूर
९ मे १९७८

आई,

सप्रेम जयभीम. तुम्ही उत्तराला घेऊन मायकडे गेलात म्हणून मला महिनाभर लिहिता आलं, नाहीतर ती माझे कागद खाऊन टाकायची. तिथं दोन आज्यांमध्ये तिचे किती लाड चालले असतील, कल्पना आहे मला.

काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, कडक. त्यांनी सगळे तक्ते पाहिले आणि विचारलं, "रात्री उजेड कोणी दिला?" मी म्हटलं, माझ्या सासूबाईंनी. "त्यांचं शिक्षण?" मी म्हटलं, रात्रीचा वर्ग. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, सांगा, कसं झालं ते. मी सगळं सांगितलं. मिलची पाळी, चिमणी, गोधडी, सगळं. नंतर सरांनी बाहेर येऊन सांगितलं, मी पास झाले, पहिल्या वर्गात.

आई, आता दुसरी गोष्ट. आमच्याच कॉलेजात जूनपासून प्रात्यक्षिकं घ्यायला एक जागा आहे. सर म्हणतात, अर्ज करा, मिळेल. दिवसभर जावं लागेल. हे म्हणतात, "तुझं तू ठरव, मी आहे." पण उत्तरा अजून वर्षाची नाही. घरी सगळं तुमच्यावर पडेल. जिंदगीभर तुम्ही मिलमध्ये राबलात, आता कुठं बसायला मिळालं आणि मी पुन्हा तुम्हाला कामाला लावणार. मला जायचं आहे, खूप जायचं आहे, खोटं का सांगू? पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी अर्ज करणार नाही.

जाऊ का?

तुमची,
चारू

---

उमरेड
१२ मे १९७८

चारू,

तुहं पत्र मी दोनदा मोठ्यानं वाचलं, एकदा बायजाबाईसाठी आन् एकदा माह्यासाठी. पास झाली ते ऐकून बायजाबाई दारात जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगून राहिल्या. मी मात्र बसून रडली. त्या घाबरल्या.

काहून रडली ते सांगते. मी मिलमध्ये गेली, तवा मले कोणी जाय म्हटलं नाही आन् जाऊ नको बी म्हटलं नाही. घरात दाणा नव्हता, म्हणून गेली. माही सासू विटाच्या भट्टीवर गेली, ती बी तशीच. बायजाबाई लोकाच्या वावरात निंदाले गेल्या, त्या बी तशाच. आमच्यातल्या कोणत्या बाईनं कवा "जाऊ का" म्हणून विचारलं? आन् तू लिहिते, मले खूप जायचं आहे. पोटासाठी नाही, तुले आवडते म्हणून. असं आपल्या घरातून कोणी बाहेर गेलं नव्हतं, चारू. ते वाचलं आन् मले धरवलं नाही.

मी थकेन, हे खरं आहे. पोट्टी आता रांगून राहिली, दिवसभर मले तिच्यामागं पळावं लागन. पळीन. हे काम मी माह्या लेकरायसाठी कवा केलंच नाही, मले वेळच मिळाला नाही. आता मिळून राहिला तं तू तो बी काढून घेशील का?

आन् मले विचारू नको. जाय.

सोमवारी सकाळच्या गाडीनं पोट्टीले घेऊन येतो आम्ही. अर्ज त्याच्या आधी टाकजो. आन् डब्यात तुले काय लागते ते सांगून ठेवजो, मले कॉलेजातल्या बायायच्या डब्यात काय असते ते माहीत नाही.

तुही,
अंजना